टोपी बोटीवर, मी धक्क्यावर

१९९१ साल. माझं वय अठ्ठावन्न, निदान शाळेच्या दाखल्यावर तरी. शाळा दुसरीपर्यंतच, पण दाखला पक्का आहे. त्या पौषात मी आणि घरची, दोघंच, अंदमानची बेटं फिरून आलो. यात्रा कंपनी नाही, गाईड नाही, तिकडे ओळखीचं कुत्रंसुद्धा नाही. जळगावला गाडीत बसलो, मद्रासला उतरलो, तिथून जहाज.

जायचं कारण केळी. चोपड्याच्या अलीकडे माझी केळी. उभा जन्म तिला पाणी भरण्यात गेला. आमच्या गावचा एक फौजी अंदमानात नोकरी करून आला होता. तो पारावर बसून सांगायचा, तिकडे जंगलात केळी आपोआप येते. विहीर नाही, मोटर नाही, कोणी पाण्याची बारी देत नाही. मी म्हटलं, थापा. तो म्हणाला, "आबा, मग जाऊन पाहा." चार माणसांत म्हणाला. चार माणसांत असं म्हटल्यावर माणसानं काय करावं? मी त्याच आठवड्यात जळगावला जाऊन मद्रासच्या गाडीची चौकशी केली.

पोरगा धुळ्याला मास्तर आहे. त्याला कळलं तसा तो शनिवारी घरी आला. म्हणाला, "आबा, तुम्हाला इंग्रजी येत नाही. त्यापेक्षा यात्रा कंपनीच्या गाडीनं रामेश्वर करून या. चाळीस माणसं असतात, सोबत स्वयंपाकी असतो."

"मेंढरांनाही सोबत असते," मी म्हटलं.

"आणि आईला कुठं हरवून आलात म्हणजे?"

घरची भाकरी थापत होती. तिनं वर पाहिलं नाही. मी म्हटलं, "आजवर बैल हरवला नाही, आई कशी हरवेल?" आता लिहिताना वाटतं, बोलण्यात काही राम नव्हता. पण तेव्हा मला ते फार चपखल वाटलं होतं.

खर्च कमी करायचा तर तो निघायच्या आधीच करावा लागतो, हे मी पक्कं धरलं होतं. दादर ज्वारीचं पीठ दहा किलो, शेंगदाण्याची चटणी, लोणचं, गूळ, आणि एक छोटा रॉकेलचा स्टोव्ह. स्टोव्ह जहाजावर पेटवू देत नाहीत, हे जहाजावर गेल्यावर कळलं. सगळ्यात स्वस्त तिकीट म्हणजे जहाजाच्या पोटात मोठी खोली, तिच्यात माळ्यावर माळे केल्यासारख्या झोपायच्या फळ्या. खालून इंजिन धडधडतं. तीन दिवस त्यात काढले. मी तिन्ही दिवस ओकलो. घरचीला काही झालं नाही. ती शेजारच्या बायकांना चटणी वाटत होती आणि मला म्हणत होती, "लिंबू चोखा, बोलू नका."

पोर्ट ब्लेअरला एका देवळामागच्या धर्मशाळेत खोली मिळाली. मॅनेजरनं धर्मशाळेचं नाव आणि रस्ता एका चिठ्ठीवर हिंदीत लिहून दिला. ती चिठ्ठी, परतीच्या जहाजाची तिकिटं आणि सगळे पैसे मी बंडीच्या आतल्या खिशात ठेवले आणि खिशाला सेफ्टी पिन लावली. घरचीजवळ एक पैसा ठेवला नाही. तिला कशाला लागतात, मी आहे ना.

तिथून छोट्या बोटीनं हॅवलॉक बेटावर गेलो. तीन दिवस एका बंगाली शेतकऱ्याच्या पडवीत राहिलो. तो आमच्याकडून काही घेईना, मग मी त्याच्या सुपारीच्या बागेत आळी करून दिली. समुद्र असा की धुण्याला नीळ जास्त पडावी. घरची रोज सकाळी जाऊन पाय बुडवून उभी राही आणि कोणाशी बोलत नसे. तिला काय वाटत होतं ते मी विचारलं नाही.

केळीचं म्हणाल तर फौजी खोटं बोलला नव्हता, पण खरंही पुरतं बोलला नव्हता. जंगलात केळी होती, आपोआप आलेली होती, दोन माणसं उंच होती. तिचा एक घड शेतकऱ्यानं काढून दिला. केळं सोललं तर आत बियाच बिया. मिऱ्याएवढ्या काळ्या, कडक. एका केळात मूठभर. मी चार बिया दातानं फोडून पाहिल्या, दात दुखले आणि जिवाला फार बरं वाटलं. त्या बिया फौजीला दाखवायला मी पुडीत बांधून घेतल्या.

आता मूळ गोष्ट सांगतो.

हॅवलॉकहून परत निघालेली बोट वाटेत नील नावाच्या लहान बेटाला थांबली. माणसं चढली, भाजीच्या टोपल्या चढायला लागल्या. ऊन डोक्यावर आलं होतं. धक्क्याच्या टोकाला एक झोपडी, तिच्यापुढे चहाचा जाळ दिसत होता. मला सकाळपासून चहा मिळाला नव्हता.

आमच्याकडची एसटीची रीत ज्याला माहीत नाही त्याला माझी चूक कळायची नाही. चोपड्याच्या स्टँडवर गाडी लागली की खिडकीतून टोपी, उपरणं, नाहीतर रुमाल आत टाकायचा. ज्या बाकावर टोपी पडली तो बाक त्या माणसाचा. मग त्यानं खुशाल चहा प्यावा, तंबाखू मळावी, कोणाचं बरं-वाईट विचारावं. त्या टोपीवर कोणी बसत नाही. गाडी निघताना कंडक्टर टोपी पाहतो आणि स्टँडभर ओरडतो, "टोपी कोनी शे रे?" तेव्हा माणूस येतो आणि गाडी निघते. ड्रायव्हर आधी एकदा हॉर्न देतो, मग दुसऱ्यांदा देतो, आणि तिसरा देतो तेव्हा खरा. टोपी असली म्हणजे माणूस बसलेलाच आहे, असा आमचा कायदा. हा कायदा चोपड्याच्या बाहेर कुठे संपतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मी डोक्यावरची पांढरी टोपी काढून बाकावर ठेवली. घरची म्हणाली, "चहा तठेच पी ल्या ना, बंदरले. अठे काय अडी गयं?"

"जागा सोडू नको. मी आते येस."

"बोट निंघी गई तं?"

"कशी जाई? टोपी शे ना."

उतरलो. चहा सांगितला. झोपडीमागे केळीचे चार खुंट होते, ते पाहायला गेलो. पानं चिरलेली, बुडाशी पिल्लं, म्हणजे नवे कोंब, माजू दिलेली, कोणी कापायला तयार नाही. मी चहावाल्याला समजावत होतो की पिल्लं काढली नाहीत तर घड कसा भरेल. भोंगा वाजला. मी म्हटलं, पहिला. चहा गरम होता, बशीत ओतून फुंकत होतो. मग चहावालाच म्हणाला, "बाबा, आपका बोट?"

वळून पाहिलं तर बोट आणि धक्का यांच्यात बारा हात पाणी.

मी पळालो. अठ्ठावन्नाव्या वर्षी, धोतराचा सोगा हातात धरून. "थांबव रे, थांबव! टोपी शे मन्ही!" असं मी अख्ख्या बेटाला ऐकू जाईल असा ओरडलो. कठड्याशी घरची उभी होती. तिच्या हातात माझी टोपी होती आणि ती टोपी हलवून काहीतरी सांगत होती. एका खलाशानं तिचा दंड धरून तिला मागे घेतलं. बोट वळली आणि मला फक्त तिची पाठमोरी बाजू दिसायला लागली.

हिशोब मला लगेच कळला. पिशव्या तिच्याजवळ, पैसे, तिकिटं आणि धर्मशाळेची चिठ्ठी माझ्याजवळ. तिला वाचता येत नाही. धर्मशाळेचं नाव तिला मी सांगितलंच नव्हतं. हिंदी तिला तीन-चार शब्द येतात, तेही भाजीवाल्याशी भांडण्यापुरते. ती जन्मात एकटी पाचोऱ्यालासुद्धा गेली नव्हती. आणि दोन-अडीच तासांत ती बोट तिला पोर्ट ब्लेअरच्या धक्क्यावर उतरवून मोकळी होणार होती. पोराचं वाक्य कानात वाजायला लागलं ते थांबेना.

चहावाल्यानं सांगितलं, पुढची माणसांची बोट परवा. पण सकाळी भाजीची बोट जाईल, हात जोडले तर घेतील.

हात जोडायची मला सवय नाही. उसाच्या चरकात हाताचं बोट गेलं तेव्हाही मी डॉक्टरला हात जोडले नव्हते. पण त्या दिवशी मी उघड्या डोक्यानं, गमछा टाळूवर टाकून, विचारत विचारत पोलीस चौकीवर गेलो. तिथं एक हवालदार होता, पोटावर हात ठेवून पंख्याखाली बसलेला. त्याच्यामागे वायरलेसची पेटी. मी त्याला म्हटलं, "साहेब, मन्ही... मेरी घरवाली बोट में गया."

"भाग गई?"

"नहीं साहेब. मैं रह गया."

तो हसला, मग मला पाणी दिलं. सगळं ऐकून घेतलं. माणूस भला होता. म्हणाला, "पोर्ट ब्लेअर को अभी बोल देता हूँ, जेट्टी पर रोक लेंगे. औरत का नाम बोलो."

इथं माझी जीभ अडकली.

आमच्यात नवरा-बायको एकमेकांचं नाव घेत नाहीत. ती मला "आयकी ल्या" म्हणते, नाहीतर "मास्तरना बाप". मी तिला "काय व" म्हणतो. लग्नात उखाणा झाला तो झाला. पस्तीस वर्षांत तिचं नाव माझ्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं. रेशनकार्डावर तलाठ्यानं विचारलं तेव्हाही शेजाऱ्यानं सांगितलं होतं.

"नाम, बाबा, नाम!"

"मास्तर की माँ," मी म्हटलं.

"ये नाम है?"

"बुढ्ढी है, नौवारी है, हाथ में टोपी है..."

"बाबा, वायरलेस पर टोपी को ढूँढूँ क्या?"

त्याच्या मागं एक शिपाई होता तो फिदीफिदी हसायला लागला. मी म्हटलं, त्याला बाहेर काढा. हवालदारानं खरंच त्याला बाहेर काढलं. मग मी भिंतीकडे तोंड केलं आणि नाव घेतलं. एकदाच. हवालदारानं ते पुन्हा विचारलं, म्हणून दुसऱ्यांदा घ्यावं लागलं. कानाच्या पाळ्या तापल्या. हवालदारानं पेटीत ते नाव चार वेळा ओरडून सांगितलं, तेही चुकीचं, आणि मला ते सुधारून द्यावं लागलं.

मग बसून राहिलो. हवालदार म्हणाला, जेवून घ्या. मी नको म्हटलं. बोट समुद्रात होती तोपर्यंत ती बोटीवर होती, म्हणजे कुठे जात नव्हती, असं मी स्वतःला समजावलं. बोट लागायची वेळ झाली तेव्हा मात्र मला बसवेना. ती उतरेल, कोणीतरी म्हणेल चला, आणि ती जाईल. नाहीतर कोणी चला म्हटलं तरी ती हलणार नाही, अंधार पडला तरी पिशव्यांवर बसून राहील. दोन्ही गोष्टी मला सारख्याच वाईट वाटत होत्या.

पाचच्या सुमाराला पेटी खरखरली. हवालदार बराच वेळ "हाँ... हाँ... अच्छा" करत राहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बाबा, एक बुढ्ढी मिली है. पर पता नहीं आपकी है कि नहीं. अपना नाम बोलती है, वो आपने बोला वैसा ही कुछ है. पर आदमी का नाम पूछा तो बोलती नहीं. मुंडी हिलाती है. सब पूछ लिए, इन्स्पेक्टर ने पूछा, लेडी पुलिस ने पूछा. बोलती ही नहीं!"

मी उठून उभा राहिलो. "साहेब, वहीच है! वहीच है ती!"

"कैसे?"

"बोलती नहीं ना? मग दुसरी कोण असेल?"

हवालदारानं पेटीत सांगितलं की आदमी म्हणतो, नाव सांगत नाही म्हणजे तीच. पलीकडून हसण्याचा आवाज आला, तो इथपर्यंत ऐकू आला. मग निरोप मिळाला: एका कॉन्स्टेबलची बायको तिला आपल्या क्वार्टरवर घेऊन गेली आहे, काळजी करू नका. माझा जीव भांड्यात पडला. इतका पडला की मी लागलीच हवालदाराला म्हटलं, आता तुमचं जेवण असेल तर खातो. त्यानं भात आणि मसुराची डाळ वाढली. मी तीनदा भात घेतला.

सकाळी भाजीच्या बोटीत भोपळ्यांवर बसून निघालो. सारंगानं हात जोडायला लावले नाहीत, हवालदारानं सांगून ठेवलं होतं.

पोर्ट ब्लेअरला धक्का दिसायला लागला तसा मी उभा राहून एकेक माणूस पाहत होतो. पिशव्या दिसल्या आधी. मग ती दिसली. एका बंगाली बाईशेजारी बसून डबा उघडून काहीतरी खात होती. मला वाटलं होतं, रडेल. मी रडेन असंही थोडं वाटलं होतं. मी समोर जाऊन उभा राहिलो. तिनं वर पाहिलं, खालून वर, उघड्या डोक्यापर्यंत.

"उनात का? व्हयना का चहा?"

आलात का, झाला का चहा, एवढंच तिनं विचारलं. तिनं माझी टोपी पदरानं झटकून दिली. मी ती घातली.

मग ती हळूच म्हणाली, "तुम्हीन मन्हं नाव लिधं? अख्ख्या पोलिसस्ना समोर?"

"एकच होता. दुसऱ्याले भाईर काढं मी."

"तो पेटीमां बोलना, ते अठे बठ्ठास्नी आयकं." तिथं सगळ्यांनी ऐकलं होतं म्हणे; पदर तोंडाशी धरून ती हसत होती. "मी नही लिधं तुम्हनं."

"लेवाले काय झायं होतं? रात काढी परकाना घरमां."

"उखाणा लेवाले काय लगीन होतं तठे?"

ती बंगाली बाई, म्हणजे त्या कॉन्स्टेबलची बायको, आमच्या बोलण्यातलं काही न कळता हसायला लागली. तिनं घरचीला घरी नेलं होतं, स्वतःच्या पलंगावर झोपवलं होतं. घरचीनं त्यांना दादरच्या भाकरी करून घातल्या होत्या आणि त्यांच्या पोरांना शेंगदाण्याची चटणी आवडली होती. भाषा काय बोलत होत्या दोघी, देव जाणे. पण त्या बाईचं माहेर कुठलं, आई कशी आहे, भाऊ काय करतो, आईला भेटून किती वर्षं झाली, हे सगळं घरचीला माहीत होतं. मी तिथं तीन दिवस राहिलो असतो तरी मला इतकं कळलं नसतं.

धर्मशाळेत आलो. मी अंगावर पाणी घेतलं, खाटेवर पाठ टेकली आणि जाहीर केलं की आता मद्रासचं जहाज येईपर्यंत आठ दिवस इथून हलायचं नाही. बेटं पाहून झाली, केळी पाहून झाली. दोघं मिळून देवळात बसू, समुद्र लांबून पाहू.

घरचीनं पिशवीतून एक गाठोडं काढलं. जुन्या साडीत शिवलेलं, वर दोरा.

"हाई मायाबंदरले दी येवानं शे."

मायाबंदर हे उत्तरेकडचं गाव, बोटीनं बराच लांबचा पल्ला. त्या बाईचं माहेर. गाठोड्यात तिच्या आईसाठी साडी आणि नातवाचा फोटो. ती दोन वर्षं कोणीतरी तिकडे जाईल म्हणून वाट पाहत होती.

"पोस्टानं धाडत नही का ती?"

"पोस्टना मानूस तिनी मायजवळ बसी का? पोरीनं कसं चाली ऱ्हायनं, ते सांगी का?"

"आपुन काय पोस्ट शे?"

"मी हो म्हनी दिधं."

मला विचारल्याशिवाय तिनं कोणाला हो म्हटल्याचं मला आठवत नव्हतं. मी उठून बसलो. बरंच बोललो. बोट कधी असते, तिथं राहायचं कुठं, जहाज चुकलं तर काय. ती ऐकत राहिली आणि भाकरीचं पीठ मळत राहिली. शेवटी म्हणाली, "त्या बाईनी माय शे ना तठे, राहाले. आनि मास्तरले कालनं मी काय सांगस नही. तुम्हीबी सांगू नका."

ही धमकी होती का कबुली, ते मला आजही सांगता येणार नाही. पण जेवताना मला एकदम लक्षात आलं की कालपासून आपण काहीच हरवलं नाही. पिशव्या आहेत, पैसे आहेत, तिकिटं आहेत, ती समोर बसली आहे आणि मला दुसरी भाकरी वाढते आहे. त्यापुढं मायाबंदर काय मोठं. मी आणखी एक भाकरी मागितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी आंघोळ केली, बंडीच्या खिशातले निम्मे पैसे काढून घरचीला कनवटीला लावायला दिले, धर्मशाळेचं नाव तिच्याकडून तीनदा म्हणून घेतलं आणि बोटीच्या तिकिटाच्या खिडकीवर गेलो. खिडकी उघडली नव्हती. माझ्यापुढं अकरा माणसं होती. माझा नंबर आला तेव्हा मी बाबूला म्हटलं, "मायाबंदर. दो."